एटीची बियर, सेपचा चमचा

माझ्यासमोर कोणी 'सेपची बियर' असं म्हटलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सेप स्टोबार्टला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. माणूस वाईट नव्हता, आणि गेलेल्या माणसाबद्दल वावगं बोलू नये हे मलाही कळतं. पण ज्या बियरवर आमच्या कोल्डरिगच्या खाणीतली निम्मी माणसं मिशा ओल्या करत होती, ती सेपची नव्हती. ती एटीची होती. एटी म्हणजे सेपची बायको आणि माझी भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. तिच्याकडे हंडा चढला की वास माझ्या स्वयंपाकघरात यायचा, तेव्हा या बाबतीत मला कोणी शिकवू नये.

आमच्या रांगेतल्या प्रत्येक घराच्या परसात धुण्याची खोली होती आणि त्यात विटांच्या चुलीवर बसवलेला तांब्याचा मोठा हंडा. सोमवारी त्यात चादरी आणि सेपचे कोळशाने काळे झालेले शर्ट उकळायचे. महिन्या-दीड महिन्यातून एकदा एटी तोच हंडा राखेने घासून असा लख्ख करायची की त्यात तोंड बघावं, आणि मग त्यात बियर शिजायची. माल्टचा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाचा, काळा घट्ट पाक, हॉप्सची वाळलेली कडू फुलं, आणि पाणी. तिची आई सुगीच्या दिवसांत मजुरांसाठी बियर करायची, तिच्या हाताखाली एटी शिकली. बियर उकळत असताना एटी हंड्यापासून हलायची नाही. दारात कोण आलंय, पाव करपतोय, काही तिच्या गावी नसायचं. मग बियर निवली की यीस्ट घालून टबात, टब शेगडीशेजारी, वर स्वच्छ पंचा. रोज सकाळी ती टबाला कान लावून ऐकायची.

"काय म्हणतेय?" मी विचारायचे.

"अजून बडबडतेय. गप्प झाली की भरायची."

ती बडबड थांबली की रविवारी बाटल्या भरायच्या. आणि रविवारी, सगळं आयतं झाल्यावर, सेपसाहेब प्रवेश करायचे.

तो अंघोळ करून, बंडी चढवून, बाह्या दुमडून टेबलाशी बसायचा. एटी टबातून नळीने बाटल्या भरून त्याच्यापुढे सरकवायची. सेप प्रत्येकीत साखर घालायचा, पत्र्याचं बूच ठेवायचा आणि लाकडी हातोडीचा एक ठोका. साखर, बूच, ठोका. साखर, बूच, ठोका. दुपारच्या जेवणापर्यंत सगळा घाणा उरकायचा. मग तो असा काही पाठ ताणून उठायचा की बघणाऱ्याला वाटावं, यानेच जव पेरला, यानेच कापला.

आता ती साखर कशासाठी ते सांगते, म्हणजे माझा राग का ते समजेल. टबातून निघालेली बियर सपक असते. चव असते, पण जीव नसतो. बाटलीत जराशी साखर घालून तोंड बंद केलं की बियरमध्ये उरलेलं यीस्ट ती साखर खातं आणि वायू सोडतं. त्याला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो बियरमध्येच मुरतो. दोन-तीन आठवड्यांनी बूच काढलं की फस्स होतं आणि पेल्यात वर बोटभर फेस येतो. झालं. यात जादू नाही, कसब नाही. साखर खाण्याचं काम यीस्टचं, आणि ते यीस्ट जगवलं एटीने. चमचा उपडा करायला तर माझी मांजरसुद्धा बसवता आली असती.

आणि तोही चमचा त्याला धड उपडा करता येत नव्हता! लग्नानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट. सेपला गोडाचा भारी सोस, चहात तीन-तीन चमचे लागायचे. "साखरेने कोणाचं वाईट झालंय?" म्हणत त्याने प्रत्येक बाटलीत चहाचा चमचा शीग लावून रिकामा केला. बाटल्या जिन्याखालच्या कपाटात ठेवल्या. एका रविवारी एटीची आई जेवायला आली आणि नेमकी त्या कपाटाला पाठ लावून बसली. मांसाचं ताट हातात घेऊन एटी आत येतेय, तोच कपाटात एक बाटली फुटली. तिच्या धक्क्याने दुसरी, मग तिसरी. सेप "छत कोसळलं!" असं ओरडत टेबलाखाली घुसला. खाणकामगारच तो, त्याला काय दोष द्यायचा. पण सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. पाठीवरून बियर ओघळत असताना त्या एवढंच म्हणाल्या, "एटी, याच्या हातात मोठा चमचा देत जाऊ नकोस."

तेव्हा एटीने त्याला मोहरीचा चमचा दिला. टेबलावर वाटलेल्या मोहरीचं भांडं असतं त्यातला, करंगळीच्या नखाएवढ्या वाटीचा, तिच्या आईच्याच घरून आलेला. "घे," म्हणाली, "आता शीग लाव नाहीतर डोंगर लाव. यात मावून मावून मावेल किती?" त्यानंतर आमच्या रांगेत बाटली फुटली नाही. म्हणजे बघा, बियर तिची, बाटल्या तिने धुतलेल्या, आणि ह्याच्या हातून चूक होऊ नये म्हणून मापसुद्धा तिनेच शोधून दिलेलं.

आणि सेपने काय करावं? तो चमचा बंडीच्या खिशात घालून क्लबात न्यायला लागला.

"प्रमाण, गड्यांनो, प्रमाण!" तो चमचा उंच धरून सांगायचा. "बियर कोणीही उकळेल. तिच्यात प्राण फुंकायचा तर हात पाहिजे."

मंडळी माना डोलवायची. जॅकी टुलिप, सेपचा खाणीतला जोडीदार, तर म्हणायचा, "लेका सेप, तुझ्या त्या चमच्याचा विमा उतरव." हे सगळं मला माझा नवरा घरी येऊन सांगायचा आणि वर हसायचा. एकदा मी त्याच्या ताटापुढचं बटाट्याचं भांडं उचलून आत नेलं, तेव्हापासून सांगायचा बंद झाला.

बरं, बियर प्यावी ती गप्प घरात बसून प्यावी. तेही नाही. सेप वाटत सुटायचा. याच्याकडे बारसं, घे दोन. त्याची कबुतरं शर्यत जिंकली, घे चार. आयजीच्या जिवावर बायजी उदार! रिकाम्या बाटल्या परत करायची मात्र आमच्याकडे रीत आहे, जाड तपकिरी काचेच्या बाटल्या सहज मिळत नाहीत. त्यामुळे सोमवारी मागच्या गल्लीतून कोणी ना कोणी यायचं, एटीच्या परसदारी बाटल्या आपटायचं आणि आत हाक मारायचं, "सेप, तुझ्या बाटल्या!" आणि जायचं. एकानेही कधी बाटली विसळून आणली नाही. तळाशी यीस्टचा गाळ बसलेला असतो, तो वाळला की चुन्यासारखा धरतो. मग एटी थंड पाण्यात हात घालून बारीक ब्रशने एकेक बाटली खरवडायची. हिवाळ्यात तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या. त्या बोटांकडे बघून मला नेहमी वाटायचं, बाटल्या सेपच्या ना? मग सेपने धुवाव्यात.

आता प्रदर्शनाचं सांगते. दर सप्टेंबरात आमच्या क्लबात प्रदर्शन भरतं. मुख्य मान अर्थातच लीकच्या, म्हणजे जाड दांड्याच्या कांदापातीच्या, जुड्यांना, एकेक लीक माझ्या मनगटाएवढा जाड. पण कांदे, केक, लोणची आणि घरच्या बियरलाही बक्षिसं असतात. क्लब पुरुषांचा. बायकांनी शनिवारी नवऱ्याबरोबर मोठ्या खोलीत बसून गाणी ऐकावीत, एवढी मुभा. बारच्या पुढे जमिनीवर एक पितळी पट्टी ठोकलेली होती आणि तिच्यापलीकडे बाईने पाऊल टाकायचं नाही. प्रदर्शनात वस्तू ठेवायची तर मेंबराच्याच नावाने. माझा केकसुद्धा माझ्या नवऱ्याच्या नावाने लागायचा, ज्याला अंडं फोडता येत नव्हतं. पण केकच्या वेळी निदान सगळ्यांना ठाऊक असायचं आणि सगळे हसायचे. बियर मात्र पुरुषांची गोष्ट. तिथे 'एस. स्टोबार्ट' असं पुठ्ठ्यावर लिहिलं की लोकांचा त्यावर विश्वास बसायचा.

पहिल्यांदा पहिला नंबर आला तेव्हा घरी येताना एटी त्याला म्हणाली, "अरे, एकदा तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर बाटली बाद केली असती ना," सेप म्हणाला. "नियम आहे."

नियम होता, कबूल. प्रदर्शनाच्या टेबलावर होता. पण क्लबातून घरापर्यंतच्या रस्त्यावर कुठला नियम आडवा आला होता? खाणीत उतरताना लिफ्टच्या पिंजऱ्यात? जॅकीच्या कानात हळूच सांगायला? वर्षानुवर्षं ते पहिले नंबर येत राहिले आणि त्या माणसाच्या तोंडून 'ही एटीची' एवढे दोन शब्द निघाले नाहीत. एटीने ते पुन्हा मागितले नाहीत. ती मागणारी नव्हतीच, आणि मला हेच असह्य व्हायचं.

मग सेपची छाती गेली. खाणीतल्या धुळीने इथे कितीतरी माणसं जातात, तसा तोही. शेवटच्या नाताळात पुढच्या खोलीत त्याचा पलंग आणला होता. त्याचे हात असे थरथरायचे की पेला धरवत नसे. त्या घाण्याच्या बाटल्यांत साखर एटीनेच घातली, बुचंही तिनेच ठोकली. मी नळी धरली होती म्हणून मला माहीत. नाताळच्या आदल्या संध्याकाळी जॅकी आणि क्लबचा सेक्रेटरी विल्फ प्राउडलॉक भेटायला आले. मीही तिथेच होते. एटीने बाटल्या उघडल्या. जॅकीने घोट घेतला आणि डोळे मिटले.

"सेप, लेका," तो म्हणाला, "आजवरची सगळ्यात झकास. हात अजून शाबूत आहे बघ तुझा."

सेपने एटीकडे पाहिलं. एटी पेले पुसत होती. मी मनातल्या मनात म्हटलं, बोल. आता तरी बोल. हाच तो क्षण, बाबा. सेप हसला, मान हलवली आणि म्हणाला, "प्रमाण, गड्या."

ते दोघे गेल्यावर मी एटीला स्वयंपाकघरात गाठलं. माझा आवाज चढला होता.

"डोरीन, हळू बोल," ती म्हणाली. "मरणाऱ्या माणसाशी मी चमच्यावरून भांडू का? त्याच्याकडे आता तेवढंच तर उरलंय."

जानेवारीत तो गेला. गावातला प्रत्येक माणूस मातीला आला आणि प्रत्येकाने त्याच्या बियरची आठवण काढली. एटी काळ्या टोपीखाली सगळं ऐकून घेत उभी होती. तिला त्याचं खरंच दुःख झालं होतं, हेही सांगते. मुलंबाळं नव्हती, दोघंच दोघं होती. तिचं त्याच्यावर प्रेम होतं आणि त्याचं तिच्यावर, पण त्याने माझा राग कमी होत नाही.

एप्रिलच्या सुमारास विल्फ आणि जॅकी पुन्हा आले, टोप्या हातात घेऊन. एटीने मला बसायला सांगितलं, म्हणून बसले.

"एटी बाई," विल्फने घसा साफ केला, "कमिटीने एक ठरवलंय. सेपच्या नावाने चषक ठेवायचा. घरच्या बियरसाठी. सेप्टिमस स्टोबार्ट स्मृतिचषक. दरवर्षी."

"बरं," एटी म्हणाली.

"पहिल्या वर्षी तुझ्या हातून द्यायचा. आणि चषकाखाली भिंतीवर एक फळी लावायची. ओकची. तिच्यात सेपचा तो चमचा बसवायचा. सुताराने खाच कोरायला घेतलीय. तेवढा चमचा हवा होता."

एटीने सावकाश चहा ढवळला.

"चषकासाठी बियर कोणीही ठेवू शकतं?"

"अर्थात! कोणीही मेंबर."

"मी ठेवली तर?"

विल्फने जॅकीकडे पाहिलं. जॅकी आपल्या टोपीकडे बघत बसला.

"तू?" विल्फ म्हणाला. "अगं, ठेवली असतीस, पण सेप आता नाही ना. कोणाच्या नावाने ठेवणार?"

"माझ्या."

"बाई माझे! बायका मेंबर नसतात. आज बियर ठेवशील, उद्या म्हणशील पट्टीपलीकडे येऊन बिलियर्ड खेळते." तो स्वतःच हसला. "आणि खरं सांगू का, चषक सेपचा. त्यात तू उतरलीस तर तुलाच बरं दिसणार नाही. लोक म्हणतील, नवऱ्याची विद्या वापरली."

नवऱ्याची विद्या! मी उठलेच होते, पण एटीने टेबलाखालून माझा परकर ओढला.

"आणखी एक," जॅकी हळूच म्हणाला, "सेपची शिल्लक असेल थोडी, तर त्याच्या नावाने सगळ्यांनी एकेक घोट घेतला असता. शेवटचा."

"आणते," एटी म्हणाली. "दोन खोकी पुरतील?"

"पुरतील की! एवढी ठेवून गेलाय?"

"लागेल तेवढी मिळेल."

ते गेल्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. एटीने कपबशा धुतल्या, फडकं वाळत टाकलं आणि म्हणाली, "डोरीन, जुलैत हंडा चढवीन. तुझे हात लागतील."

चोर तो चोर वर शिरजोर, असं पुटपुटत मी जुलैत तिच्या चुलीत लाकडं सारत बसले. उकळून, निवून, टबात बडबड करून बियर गप्प झाली. रविवारी एटी सेपच्या खुर्चीत बसली. पहिल्या खोक्यातल्या बाटल्यांत तिने साखर घातलीच नाही, नुसती बुचं ठोकली. मी म्हटलं, "अगं, विसरलीस!" तिने पुढची बाटली ओढली. दुसऱ्या खोक्यातल्या प्रत्येक बाटलीत मात्र मोहरीचा एक चमचा, सपाट, आणि प्रत्येकीच्या गळ्याला लाल लोकरीचा धागा. मग तिने चमचा पुसून अ‍ॅप्रनच्या खिशात टाकला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मला इतकं हसू आलं की मी दारात जाऊन उभी राहिले.

प्रदर्शनाच्या दिवशी क्लब गच्च भरला होता. भिंतीवर फळी लावलेली, गुळगुळीत, आणि मधोमध चमच्याच्या आकाराची खाच. खाली टेबलावर चषक. बियरचा पहिला नंबर जॅकीला मिळाला होता. सेपच्या धाकाने आजवर फारसं कोणी बियर ठेवत नसे, त्यामुळे स्पर्धेला होते मोजके लोक, आणि जॅकीच्या बियरला साबणाचा वास येत होता, पण ते असो. विल्फने भाषण केलं. हात, प्रमाण, प्राण, सगळं त्यात आलं. मग म्हणाला, "आता सेपच्या नावाने, सेपचीच बियर!"

एटीने पहिलं खोकं पुढे केलं. बुचं उघडली. फस्स झालं नाही. पेल्यांत बियर पडली ती गार चहासारखी, वर फेसाची रेघसुद्धा नाही. माणसांनी पेले उंच केले, "सेप!" म्हटलं आणि घोट घेतला. मग एकेकाचा चेहरा बघण्यासारखा झाला. कोणी थुंकलं नाही, एवढंच.

विल्फने पेला खाली ठेवला. त्याचा आवाज अगदी मऊ झाला. "एटी बाई, ही सेपची नव्हे. ही तू भरलीस, होय ना? साखर राहिली बघ. ते काम सेपचं होतं, तुला कसं ठाऊक असणार?"

"म्हणतात ना," मागून कोणीतरी म्हणालं, "हात गेला आणि बियरही गेली." काही जणांनी डोळे पुसले. देवाशपथ सांगते, डोळे पुसले!

एटीने दुसरं खोकं उचललं. मी मदतीला सरकले तर तिने मानेनेच नको म्हटलं. नवे पेले बारवर होते. ती खोकं कवेत घेऊन सरळ चालत गेली आणि पितळी पट्टी ओलांडून बारपाशी पोचली. तिने लाल धाग्याची पहिली बाटली उघडली. तो फस्स मागच्या बाकापर्यंत ऐकू गेला. पेल्यात पांढराशुभ्र फेस चढला आणि काठावर येऊन थांबला. ती पेले भरत गेली, माणसं पुढे येऊन उचलत गेली.

जॅकीने घोट घेतला आणि नाताळात मिटले होते तसे डोळे मिटले. "हीच! हीच सेपची! कुठे लपवली होतीस, एटी?"

"दोन्ही खोकी एकाच हंड्यातली," एटी म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण सगळे ऐकत होते. "जुलैतली. पहिल्यात साखर नाही, दुसऱ्यात आहे. जव, हॉप्स, हंडा, टब, बाटल्या धुणं, सगळं माझं. आजवर प्रत्येक वेळी माझंच होतं. सेप काय करायचा, तर ह्या दोन खोक्यांत जेवढा फरक आहे तेवढं."

खोलीत चुळबुळ झाली. विल्फ लाल झाला. जॅकी मात्र हजरजबाबी. त्याने पहिल्या खोक्यातला सपक पेला एका हातात आणि फेसाचा दुसऱ्या हातात धरला.

"अगं, मग फरक काही थोडाथोडका नाही! हे कोणी पिणार नाही आणि ह्याच्यावर सगळे जीव टाकतील. म्हणजे सगळं त्या चमच्यातच होतं की!"

सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. झालं, सेप पुन्हा जिंकला, आपण पुन्हा निवांत. मला इतका संताप आला की हातातली पिशवी जॅकीच्या डोक्यात घालावी. एटी हसणं थांबेपर्यंत थांबली.

"बरोबर आहे, जॅकी," ती म्हणाली. "मग ह्यात चमचा कोणी घातला?"

जॅकीने हातातल्या फेसाच्या पेल्याकडे पाहिलं.

"सेप जानेवारीपासून चर्चच्या मागे झोपलाय," एटी म्हणाली. "आणि नाताळात तू जी पीत होतास, आजवरची सगळ्यात झकास, तिच्यातही मीच घातला होता. तो तुझ्यासमोर पलंगावर होता, जॅकी. त्याचे हात तू पाहिले होतेस."

जॅकीने दोन्ही पेले बारवर ठेवले. एटीने टेबलावरचा चषक उचलला आणि त्याच्या हातात दिला. "घे. नाव सेपचं आहे, त्याला आवडलं असतं. अभिनंदन."

"एटी बाई," विल्फ चाचरत म्हणाला, "तो चमचा... फळी तयार आहे."

एटीने अ‍ॅप्रनच्या खिशावर हात ठेवला. क्लबात ती अ‍ॅप्रन घालून आली होती, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

"चमचा लागतो मला," ती म्हणाली. "नव्या घाण्याच्या बाटल्या भरायच्यात."

नियम त्या दिवशी बदलला नाही. तो बदलला तेव्हा एटीही नव्हती. प्रदर्शनात तिच्या नावाची बाटली कधीच लागली नाही, आणि याचा मला आजही राग येतो आणि मरेपर्यंत येईल. फळी आहे अजून भिंतीवर, खाच रिकामी. नवी पोरं विचारतात हे काय, आणि म्हातारे दुसरं काहीतरी बोलायला लागतात.

पण त्या प्रदर्शनानंतरच्या सोमवारी मी परसात धुणं वाळत घालत होते. मागच्या गल्लीतून जॅकी आला, बगलेत बाटल्यांचं खोकं. तो एटीच्या दारापाशी थांबला. सवयीने हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी मुद्दाम चादरीआड थांबले.

"एटी," तो शेवटी म्हणाला. "तुझ्या बाटल्या."

आतून पावलं वाजली. एटी दारात आली, हात पुसत. तिने जॅकीकडे पाहिलं, मग खोक्याकडे.

"विसळल्यास का?"

"विसळल्या," जॅकी म्हणाला.

तिने एक बाटली उचलून उजेडात धरली आणि तळ बघितला. मग दुसरी. एकेक करून तिने सगळ्या बघितल्या, आणि तोवर जॅकी टोपी हातात घेऊन उभा राहिला.